राबातलं जळण

रत्नाबाईनं ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, चाचपून एक जाडशी फांदी धरली आणि पाय रोवून ओढली. वाळलेला ऐन करकरला. वरचे भारे किंचित खाली बसले. ती तशीच वाकून कान देत थांबली. ओढ्याच्या अंगानं एक टिटवी ओरडत गेली, बाकी सगळं सामसूम होतं. नुकतं फटफटलं होतं. मग तिनं दुसरी फांदी ओढली, तिसरी ओढली आणि पदर खोचून तिथंच बसून फांद्यांची पानं ओरबाडायला लागली. पानं राहिली तर ओळखू आलं असतं. ऐनाचं वाळलेलं पान चुलीत पडलं की तडतडतं आणि त्याचा वास घरभर फिरतो. नुसती काठी राहिली म्हणजे ती कुठल्याही झाडाची.

ढीग राबाचा होता. रिहे खोऱ्यात भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. खाली शेण पसरायचं, त्यावर कवळ म्हणजे हिवाळ्यात तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पेंढा आणि पातेरा, वरून मातीचा हात फिरवायचा आणि आग लावून द्यायची. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. हैबतरावाचा राब वाडीत सगळ्यांत मोठा असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं तो थांबून बघावा अशी त्याची इच्छा असायची. ह्या साली भारे रचून झाले होते. पेंढ्याची सोय झाली की थर लावायचे, एवढंच राहिलं होतं.

पण हे सालच वेगळं निघालं. शिमग्यानंतर गॅसची गाडी खोऱ्यात आलीच नाही. टीव्हीवर समुद्रात खोळंबलेल्या बोटी दाखवत होते. त्या बोटींचा आणि आपल्या चुलीचा काय संबंध, हे रत्नाबाईला कुणी नीट सांगितलं नव्हतं. पंपावर दोरी बांधून पुठ्ठ्याची पाटी लावलेली. हैबतरावानं मात्र आधीच वारं ओळखून भरलेली एक टाकी मागच्या खोलीत कुलपात घातली होती आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली होती. टिलरसाठी आणलेला डिझेलचा कॅन त्यानं कणगीत, भाताच्या तुसाखाली पुरला होता.

"अजून लई वाईट दिस यायचेत," तो म्हणायचा. "तवा काढू."

तोवर चूल. चुलीला जळण डोंगरातून आणावं तर डोंगराला आता तारेची कुंपणं होती आणि कुंपणांना राखणदार होते. बौद्धवाडीतली भीमाबाई गेल्याच हप्त्यात वाळक्या काटक्या आणायला चढली आणि फुटलेलं डोकं दोरीसकट घेऊन खाली आली. राखणदारानं दगड मारला होता. तिच्या हातात काटकी एकही नव्हती.

हैबतरावाला सकाळ-दुपार-संध्याकाळ तव्यावरची गरम भाकरी लागायची. ती कशावर भाजली हे त्यानं लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं.

बांधापलीकडं कुणीतरी खाकरलं. रत्नाबाई दचकून उठली. नरहरी होता, हैबतरावाचा चुलतभाऊ. भरे गावच्या कंपनीतली रात्रपाळी करून तो चालत येत होता. त्याच्या मोटरसायकलीला पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून रोजच चालत यायचा. खांद्याला डब्याची पिशवी, चपला हातात.

"वहिनी, आज लवकर?"

"शेण पसराया आले."

नरहरीनं तिच्या पायांशी पडलेली पानं बघितली. सोललेल्या काठ्या बघितल्या. मग तो आपल्या बांधावरच्या ढिगाकडं बघत राहिला, जसं काही तिथंच काम होतं.

"पसरा," तो म्हणाला. "मी च्या पिऊन आडवा होतो."

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कंपनीतल्या प्रेसनं नेली होती. त्यामुळं सुंभाला पीळ देऊन भारा आवळणं त्याला जमायचं नाही. तो कंपनीतून खोक्यांना बांधायच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणायचा आणि दातात एक टोक धरून भारे त्या पट्ट्यांनी बांधायचा. हैबतरावाला ते बघून दरसाल चेव यायचा.

"शेतकऱ्याचा भारा हाय का टीव्हीचा खोका रं?" तो बांधावरून ओरडायचा. "आत गॅरंटी कार्ड बी टाकलं का?"

नरहरी नुसता हसायचा. म्हणायचा, "टाकलंय दादा. बिघडला तर माघारी घेऊन या."

*

दुपारी हैबतराव घोटावड्याच्या गॅसच्या रांगेतून परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती आणि उजव्या मुठीवर दुसऱ्याचं रक्त वाळलं होतं. त्यानं रिकामी टाकी अंगणात आदळली.

"पानी दे."

तिनं तांब्या दिला. त्यानं अर्धा प्यायला, अर्धा मुठीवर ओतला.

"सूस गावचं एक पोरगं. चारचाकीतनं आलेलं, डोळ्याला काळा चष्मा. मला म्हनतंय, अंकल, आमचं ऑनलाईन बुकिंग है. म्हनलं, माझी टाकी तांबडं फुटायच्या आदीपासनं रांगेत हुबी हाय. तर म्हनतंय, टाकी म्हणजे माणूस नाही. दिली ठिवून एक."

"लागलं का त्याला?"

"नाकातनं नळ सुटला." हैबतराव हसला. मग हसू तसंच विझलं. "गाडी काय आली न्हाई. पन रांग म्हंजी काय ते कळलं त्याला."

तो जेवला, सदरा बदलला आणि शेताकडं निघाला. रत्नाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मागोमाग गेली. ढिगापाशी येऊन तो थांबला. एका अंगानं फिरला, दुसऱ्या अंगानं फिरला. वरच्या भाऱ्यावर त्यानं तळहात टेकून दाबलं आणि भारा खाली गेला, आत पोकळी असल्यासारखा.

"पोखरलाय," तो म्हणाला. "पोटातनं पोखरलाय कुनीतरी."

रत्नाबाईनं पाटी खाली उतरवायला हात वर केले आणि तेवढ्यात त्याचा हात आला. पाटी उलटून शेण तिच्या खांद्यावर, पायांवर पडलं. दुसरी थप्पड कानावर बसली.

"दिसभर हितंच मरतीस ना? डोळं काय गहान ठिवलंत? माझं कवळ लोकाच्या चुलीत जातंय आन तुला पत्त्या न्हाई?"

तिच्या कानात एकच लांब सूर वाजत राहिला. पलीकडच्या बांधावर नरहरी कोयत्याला धार लावत बसला होता. त्याचा हात थांबला. त्यानं एकदा इकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग दगडावर पातं घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता त्यात ताल नव्हता.

रत्नाबाईनं पाटी सरळ केली आणि दोन्ही हातांनी शेण पुन्हा तीत भरायला लागली.

*

त्यानंतर दोन-चार दिवस ती ढिगाकडं फिरकली नाही. ओढ्याकाठचं तण, पडवीतली मोडकी पाभर, गोठ्याच्या कुडाची करवी, असं जे सापडेल ते तिनं जाळलं. करवी भपकन पेटायची आणि भाकरीला डाग पडायच्या आत विझायची. तिसऱ्या दिवशी हैबतरावानं कच्ची भाकरी ताटासकट अंगणात भिरकावली. ताट तुळशीच्या कट्ट्यावर आपटून त्याची कड वाकली. लगेच त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा ढिगापाशी उभी होती.

आणि तिला नवल वाटलं. ढीग खचला नव्हता. उलट वरचा भारा दाबून बघितला तर आत पोट भरल्यासारखं लागत होतं. दव लागून कवळ फुगतं की काय, असं तिच्या मनात आलं. तिनं अंधारातच चाचपून फांद्या काढल्या, पानं ओरबाडली आणि जाताना ढिगाला हात जोडले. पुढं रोजच असं होत गेलं. ती काढायची आणि ढीग होता तसाच. हैबतराव रोज येऊन तळहात टेकून बघायचा. पण त्याचा संशय काही गेला नाही. ढिगाच्या बुडाशी पसरलेल्या शेणावर त्याला पावलं दिसली होती, आणि ती बाईची नव्हती.

वाडीतली हवा तोवर पुरती नासली होती. दारात लावलेल्या गाड्यांतून पेट्रोल जायला लागलं होतं. माणसं आपली गाडी ओसरीत घेऊन हँडलला घंटा बांधून झोपत. एका बिहारी कामगाराच्या पिशवीत रबरी नळी सापडली म्हणून त्याला विजेच्या खांबाला बांधून सकाळभर मारलं. नळी त्याच्या गॅसच्या शेगडीची होती हे कळलं तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता. पोरांनी त्याला सोडलं, चहा पाजला आणि जो तो कामाला गेला. हैबतरावानं त्या मारात हात धुऊन घेतला नव्हता, म्हणून त्याला चुटपूट लागली होती.

"माझा चोर मीच धरीन," तो पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाला. "कुनी मधी यायचं न्हाई."

*

त्या पहाटे तो रत्नाबाईच्या आधी उठला. कुदळीचा दांडा काढून घेतला आणि चपला न घालता बाहेर पडला. ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. आपण आज गेलो असतो तर, असं तिच्या मनात आलं. मग ती उठली, चुलीपुढं बसली आणि विझलेल्या राखेत फुंकणीनं उगाच रेघा ओढत राहिली.

उजाडता उजाडता आरोळी आली.

"धरला! धरला रं चोर! या सगळी!"

ती धावली. बांधावरून धावताना तिला आधी दांडा वर जाताना दिसला, मग आवाज आला. ढिगापाशी नरहरी गुडघ्यांवर होता. त्याच्या छातीशी कवटाळलेल्या फांद्या होत्या आणि त्या सोडून हात डोक्यावर घ्यावेत हे त्याला सुचत नव्हतं. डब्याची पिशवी लांब उडाली होती. हैबतराव मारत होता आणि प्रत्येक फटक्याबरोबर एकेक शब्द तोंडातून काढत होता.

"माझ्या! घरात! जेवलेला! तू!"

"दादा, ऐका... दादा, आवं ऐका तर..."

वाडीतून माणसं आली. अंगात बंडी, कुणाच्या तोंडात अजून मिश्री. चोर सापडला एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढं पुरलं. ज्याचं पेट्रोल गेलं होतं त्यानं पेट्रोलासाठी लाथ घातली. ज्याची टाकी गोठ्यातून उचलली होती त्यानं टाकीसाठी घातली. रांगेतून रिकाम्या हातानं परत आलेल्यांनी रांगेसाठी. नरहरी आडवा झाला तरी ते थांबले नाहीत. त्याच्या डोक्यातून आलेलं रक्त शेणावर पडत होतं आणि शेण ते पीत होतं.

"सोडा त्यास्नी!" रत्नाबाई ओरडली. "मरत्याल ते, सोडा!"

माणसांच्या पायांमधून नरहरीला ती दिसली. तो काहीतरी सांगत होता, ते अर्ध्यात थांबलं. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि डोळेही मिटले. त्यानंतर तो एकदाही 'दादा' म्हणाला नाही.

तिच्याजवळ अजून एक वाक्य होतं. फार लहान वाक्य होतं. ते दातांपर्यंत आलं. तेवढ्यात हैबतराव तिच्याकडं वळला. धापा टाकणारा, दांडा अर्धा वर घेतलेला, आणि डोळ्यांत अशी खुशी की तशी तिनं लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "बघितलंस ना डोळ्यानं?"

वाक्य माघारी गेलं.

नरहरीची बायको रजनी आली आणि तिच्या किंकाळीनं माणसं मागं सरली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याचाच सदरा ओढून काढून जखमेवर दाबून धरला. सदरा बघता बघता लाल झाला.

"दवाखान्यात न्या कुनीतरी! आवं, बघत काय ऱ्हायलात?"

भीमाबाईचा नातू अनिकेत पिकअप चालवायचा. गडबड ऐकून तोही आला होता. तो हातांची बोटं मोडत म्हणाला,

"काकू, गाडी दारात हाय. पन टाकी खडखडीत हाय. पिरंगुटापतूर जायला चार-पाच लिटर तरी डिझेल पायजे."

प्रत्येकाच्या घरात एखादी बाटली, एखादा डबा होता आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरातला माहीत होता. सगळे एकमेकांकडं बघत होते. आता कुणाच्या अंगात मघाचा जोर नव्हता. हैबतरावानं दांडा बांधाला टेकवून ठेवला.

"माझ्याकडं बघू नगा," तो म्हणाला. "थेंब न्हाई माझ्याकडं."

रत्नाबाई वळली आणि घराकडं चालायला लागली. पहिल्यांदा चालत, मग पळत. कणगीत तिनं खांद्यापर्यंत हात घातला. तूस नाकातोंडात गेलं. कॅन जड होता. तिनं तो कडेवर घेतला, घागर घेतात तसा, आणि आली त्याच वाटेनं परत गेली. माणसांनी वाट दिली. कॅन बघून एकजण काहीतरी पुटपुटला, दुसऱ्यानं हैबतरावाकडं बघून जमिनीवर थुंकी टाकली. हैबतराव पुढं सरकला, पण मध्ये माणसं होती आणि ती बाजूला झाली नाहीत.

"घे," ती अनिकेतला म्हणाली. "सगळं वत."

*

कॅनचा हिशोब हैबतरावानं दिवेलागणीला चुकता केला. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं तेव्हा भुवईवर एक चीर पडली.

"टिलर काय आता मुतावर चालवू? समद्या गावात माझं तोंड काळं केलंस, त्या चोरापायी!"

तिनं चुलीतली राख चिमटीत घेऊन भुवईवर दाबली आणि त्याला वाढलं.

अनिकेत निरोप घेऊन आला होता. नरहरीच्या डोक्याला टाके पडले होते, उजवा हात दोन जागी मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. रजनी तिकडंच राहणार होती. तिनं कपड्यांचं बोचकं धाडलं होतं. दुसरं कोण धुणार, घरात कुणी नाही. जावेलाच द्या, असं म्हणाली होती.

सकाळी रत्नाबाई बोचकं घेऊन ओढ्यावर गेली. नरहरीचा सदरा पाण्यात टाकला. पाणी आधी लाल झालं, मग तांबूस, मग नितळ. मग तिनं पँट हातात घेतली आणि धुण्याआधी सवयीनं खिसे उलटे केले.

खिशातून पिवळ्या पट्ट्या निघाल्या. प्रत्येक पट्टी कोयत्यानं एकाच जागी कापलेली आणि नीट गुंडाळी करून ठेवलेली. नरहरीला काही टाकून द्यायची सवय नव्हती. एका खिशात होत्या, दुसऱ्या खिशातही होत्या. तिनं त्या दगडावर मांडल्या. पट्ट्या हळूहळू आपोआप उलगडत गेल्या.

तिनं त्या गोळा करून पदरात बांधल्या. मग धुणं तसंच दगडावर टाकून शेताकडं गेली. ढिगाच्या पोटात हात घातला आणि फांदी ओढली. ऐन नव्हता, किंजळ निघाला. दुसरी ओढली, तीही किंजळाची. हैबतरावाच्या बांधावर किंजळाचं झाड नव्हतं, कधीच नव्हतं. किंजळ सगळा पलीकडं होता. पलीकडं नरहरीचा ढीग पार बसला होता. एका बाजूनं तर नुसतं शेण दिसत होतं. इतके दिवस ती समोरच होती आणि तिनं मान वर करून तिकडं बघितलं नव्हतं.

तिला बांधावर बसावंसं वाटलं, पण बसली नाही. ढिगाच्या वरच्या अंगाला हैबतरावानं आपल्या हातानं बांधलेला ऐनाचा भारा होता, पानांसकट. तो तिनं खाली ओढला. सुंभ सुटला होता. तिनं पदरात आणलेल्या पट्ट्यांतल्या दोन एकमेकींना जोडल्या, एक टोक दातात धरलं आणि भारा आवळला. गाठ मारायला वेळ लागला. नरहरी हे तीन बोटांनी कसं करत असेल, कोण जाणे. मग भारा डोक्यावर घेऊन ती उन्हातून, भर रस्त्यानं घरी आली.

*

पोलीस पाटील दयानंद दुपारी आला. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. स्वतःचंही भाताचं खाचर होतं. हैबतरावानं त्याला मुद्दाम जेवायच्या वेळी बोलावलं होतं आणि सकाळीच रत्नाबाईला बजावलं होतं: दयानंद विचारंल. तू सांगायचं, रोज चोरताना बघत हुते, भीतीनं बोलले न्हाई.

दोघं स्वयंपाकघरात पाटावर बसले. दयानंदानं घाम पुसला.

"त्याचं काय हाय हैबततात्या, नरहरी म्हनतोय बांधावरनं पडलो. कुनी मारलं न्हाई म्हनतोय. पन डॉक्टर म्हनतोय ही पडल्याची जखम न्हवं. ठान्यातनं फोन आला. मला काहीतरी लिहून द्यावं लागंल."

"लिही की. चोरी करताना घावला, झटापट झाली, पडला. आज पडलो म्हनतोय, उद्या पलटला तर मी काय करू? चोराचा काय भरवसा?" हैबतरावानं चुलीकडं हात केला. "आमची बाई सांगंल ना. तिनं डोळ्यानं बघितलंय. रत्ने, सांग दयानंदाला."

दयानंदानं तिच्या भुवईवरची राख बघितली आणि लगेच नजर काढून घेतली.

"सांगा, वहिनी. जे बघितलं तेच सांगा."

"सांगते," रत्नाबाई म्हणाली. "आदी जेवा. निवंल."

तिनं दोघांना वाढलं. मग ती परसदारी गेली आणि भारा ओढत आत घेऊन आली, चुलीपुढं. पिवळी पट्टी मातीच्या भुईवर खरखरत आली. तिनं एक फांदी उपसली, गुडघ्यावर घेऊन मोडली आणि पानांसकट चुलीत सारली. पानं तडतडली. धुराबरोबर ऐनाचा तो तुरट वास उठला आणि घरभर झाला. तिनं दुसरी फांदी मोडली.

दयानंदाचा घास तोंडापाशी थांबला. तो दरसाल कवळ तोडायचा. फांदी, पान, वास, काही ओळखायला त्याला विचारावं लागत नव्हतं. त्यानं भाऱ्याकडं बघितलं.

"पट्टी तर नरहरीची दिसती," तो हळूच म्हणाला.

"व्हय. भावजींच्या खिशातली."

"आन कवळ?"

रत्नाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग आरावर, लाल निखाऱ्यांवर टाकताच ती टम्म फुगली. ऐनाचा आर चांगला पडतो. हैबतरावाची बोटं ताटातल्या भाकरीवर होती, तुकडा मोडायच्या बेतात. ती तशीच राहिली. तो भाकरीकडं बघत होता. मग चुलीत बघितलं, मग भाऱ्याकडं, मग पुन्हा भाकरीकडं. किल्लीचा कडदोरा त्याच्या पोटावर श्वासाबरोबर वरखाली होत होता. बाहेर कुणाची तरी टाकी रस्त्यावरून घरंगळत गेली, रिकामी.

"हे..." हैबतरावानं भाऱ्याकडं बोट केलं. "हे जळन कुटलं?"

रत्नाबाईनं भाकरी चिमट्यानं उचलली, राख झटकली.

"रोजचंच हाय," ती म्हणाली आणि भाकरी त्याच्या ताटात वाढली.